चौकटीचा रंग

बर्लिन विद्यापीठात प्राध्यापक फ्रान्झ फॉन लिस्ट यांचा वर्ग चालू होता. विसावं शतक नुकतंच लागलं होतं. एका पुस्तकावरून दोन विद्यार्थ्यांची जुंपली. आवाज चढले, अंगावर धावून जाणं झालं, एकाने पिस्तूल काढलं. लिस्ट मध्ये पडले, त्यांनी त्याचा हात धरला आणि तेवढ्यात बार उडाला. वर्गात एकच गोंधळ माजला. नंतर खुलासा झाला, की हा सगळा प्रसंग आधी लिहून, तालीम करून बसवलेला होता. आता प्रत्येकाने आपण काय पाहिलं ते सांगायचं होतं. काहींनी लगेच लिहून दिलं, काहींनी नंतर, काहींची उलटतपासणीसारखी तोंडी चौकशी झाली.

हार्वर्डमध्ये शिकवणारे जर्मन मानसशास्त्रज्ञ ह्यूगो म्यून्स्टरबर्ग यांनी १९०८ साली साक्षीपुराव्यावर पुस्तक लिहिलं, त्यात या प्रयोगाचे आकडे दिले आहेत. सर्वांत कमी चुकलेल्या विद्यार्थ्याच्या हकिकतीत २६ टक्के चुका होत्या, सर्वांत जास्त चुकलेल्याच्या हकिकतीत ८० टक्के. आणि प्रसंगाच्या उत्तरार्धात, जिथे काळजाचा ठोका चुकावा असं सगळं घडलं, तिथल्या चुका पूर्वार्धाहून सरासरी १५ टक्क्यांनी जास्त होत्या. जे गप्प बसले होते त्यांच्या तोंडी वाक्यं घातली गेली होती. जे ठळकपणे घडलं होतं ते काहींच्या लिखाणातून गळून गेलं होतं. म्यून्स्टरबर्ग यांनी न्यायालयांना सांगितलं, की आमच्या प्रयोगशाळेकडे लक्ष द्या. वकील आणि न्यायशास्त्रज्ञ भडकले. मानसशास्त्राकडे अजून सांगण्यासारखं फारसं काही नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्या काळापुरतं ते खोटंही नव्हतं.

याच्या अगदी उलट बाजूचा पुरावा त्याआधीच छापला गेला होता. एफ. डब्ल्यू. कोलग्रोव्ह यांनी १७९ मध्यमवयीन आणि वृद्ध अमेरिकनांना विचारलं, की लिंकन यांच्यावर गोळी झाडल्याची बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होता? हत्या १८६५ची, कोलग्रोव्ह यांचा लेख १८९९चा. मधे एक पिढी उलटलेली. तरीही १२७ जणांनी जागा, वेळ, सोबत कोण होतं, हातात कोणतं काम होतं, हे सगळं सांगितलं. भावना इतकी तीव्र असू शकते की मेंदूवर जणू व्रण उठतो, असं विल्यम जेम्स यांनी १८९० मध्येच लिहून ठेवलं होतं. कोलग्रोव्ह यांची माणसं त्या व्रणाची जिवंत उदाहरणं वाटत होती.

म्हणजे एकीकडे पिस्तुलाच्या धक्क्याने डोळ्यांदेखत घडलेलं निसटून गेलं, आणि दुसरीकडे एका बातमीच्या धक्क्याने एक साधा दिवस जन्मभर टिकला. मन हादरलं की पाहिलेलं पक्कं बसतं की विस्कटतं? पुढची जवळपास शंभर वर्षं या प्रश्नाची दोन उत्तरं देणारे दोन गट समोरासमोर उभे होते. आज मागे वळून पाहताना मला वाटतं, की दोघांच्या हातात खरा पुरावा होता, फक्त दोघांनीही ‘आठवण’ ही एकच अखंड वस्तू धरली होती. समोर दिसणाऱ्या दृश्याचा कोणता भाग टिकतो, कोणता जातो, आणि टिकल्याची खात्री कोठून येते, हे वेगवेगळे प्रश्न आहेत हे कळायला बराच काळ जावा लागला.

मधली काही दशकं या बाबतीत रिकामीच गेली. वर्तनवादाच्या काळात आठवणीबद्दल, त्यातून भावनेबद्दल बोलणं प्रयोगशाळेत फारसं मानाचं नव्हतं. अपवाद सांगायचा तर १९५९ सालचा जे. ए. ईस्टरब्रुक यांचा लेख. उत्तेजना वाढत जाते तसतसा लक्षाचा परीघ आकसतो, माणूस कमी खुणा टिपतो, आणि जे वगळलं जातं ते आधी कडेचं असतं, असं त्यांनी मांडलं. त्यांनी तपासलेले प्रयोग बहुतेक निराळ्याच कामांचे होते, पण पुढच्या पन्नास वर्षांच्या संशोधनाचा पाया या लेखाने घातला.

१९७७ मध्ये हार्वर्डच्या रॉजर ब्राउन आणि जेम्स कुलिक यांनी कोलग्रोव्ह यांचा प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी केनेडींच्या हत्येबद्दल. ८० पैकी ७९ जणांना ती बातमी कळल्याचा क्षण ‘स्पष्ट’ आठवत होता. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येच्या वेळचा क्षण मात्र गोऱ्यांपेक्षा काळ्या अमेरिकनांपैकी कितीतरी अधिक जणांच्या मनात होता. ज्याचं दुःख आपलं असतं त्याचीच अशी आठवण घडते, हे त्या आकड्यांतून दिसलं आणि ते मला आजही त्या लेखातलं सर्वांत मोलाचं वाटतं. ब्राउन आणि कुलिक यांनी अशा आठवणींना कॅमेऱ्याच्या फ्लॅशचं नाव दिलं. धक्का बसताच मेंदू त्या क्षणाची छाप घेतो, अगदी बिनमहत्त्वाच्या तपशिलांसकट, असं त्यांचं म्हणणं.

ते नाव इतकं चपखल होतं की लोकांनी ते निष्कर्षासारखं स्वीकारलं. शंका काढली ती अल्रिक नाइसर यांनी. पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा नाइसर तेरा वर्षांचे व्हायला आले होते. आपण दिवाणखान्यात बसून रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत होतो आणि मधेच बातमी आली, अशी त्यांची पक्की आठवण. अनेक वर्षं ती जपल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की हल्ला डिसेंबरात झाला आणि डिसेंबरात बेसबॉल खेळलाच जात नाही. दुसऱ्या संशोधकांनी नंतर दाखवलं, की त्या दिवशी फुटबॉलचा सामना प्रक्षेपित झाला होता आणि खेळणाऱ्या संघांची नावं बेसबॉलच्या संघांसारखीच होती. म्हणजे आठवण निव्वळ काल्पनिक नव्हती. रेडिओ खरा, सामना खरा, धक्का खरा. एक तपशील सरकला होता आणि सरकताना मागे काही खूण ठेवून गेला नव्हता.

२८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अटलांटाच्या एमरी विद्यापीठात नाइसर यांनी १०६ विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली: बातमी कुठे कळली, कोणी सांगितली, काय करत होता. कागद कपाटात ठेवून दिले. अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. प्रमुख बाबींना सात गुण ठेवले होते. सरासरी तीनही भरली नाही. एक चतुर्थांश विद्यार्थ्यांना शून्य. आणि आपल्या आठवणीबद्दलची खात्री पाच पैकी चाराच्या वर. त्यांना त्यांचंच हस्ताक्षर दाखवलं, तरी जुनी आठवण कुणालाही परत आली नाही. काही जण आपल्याच कागदापेक्षा आपल्या आठवणीवर विसंबून राहिले. निकोल हार्श यांच्यासह नाइसर यांनी १९९२ मध्ये हे प्रसिद्ध केलं.

पुण्यात १२ जुलै १९६१चा पानशेतचा पूर पाहिलेली माणसं अजून आहेत. पाणी कितव्या पायरीला लागलं होतं, माडीवरून काय वाहून जाताना दिसलं, शेजारच्या कुणी कोणतं गाठोडं उचललं, हे ती अशा ठामपणे सांगतात की ऐकणाऱ्याला ओला वास यावा. किल्लारीच्या भूकंपाचंही तसंच. अनंत चतुर्दशीची रात्र, विसर्जनाहून थकून आलेली माणसं झोपलेली, आणि ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे जमीन हलली. या आठवणी मला फार जवळच्या वाटतात आणि त्या कुणी खोट्या म्हणाव्यात असं मला मुळीच वाटत नाही. पण आपल्याकडे त्या पुराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी प्रश्नावली भरून घेतली नव्हती. पायरी सातवी होती की नववी, हे आता त्या सांगणाऱ्याच्या खात्रीवरूनच ठरवावं लागतं. आणि खात्री हा कमकुवत पुरावा आहे, हे एमरीच्या त्या कागदांनी दाखवलं.

बातमी ऐकल्याची आठवण एक, डोळ्यांनी दृश्य पाहिल्याची आठवण दुसरी. या दुसऱ्या प्रश्नाकडे एलिझाबेथ लॉफ्टस आणि त्यांचे सहकारी अमेरिकेत वळले. १९८२ मध्ये लॉफ्टस आणि टेरेन्स बर्न्स यांनी बँक दरोड्याची एक छोटी फिल्म दाखवली. पळणारा दरोडेखोर वळून गोळी झाडतो आणि ती बाहेरच्या आवारात खेळणाऱ्या एका मुलाच्या चेहऱ्यावर लागते. दुसऱ्या गटाला दाखवलेल्या फिल्ममध्ये हा शेवट नव्हता. मुलाच्या जर्सीवर १७ हा आकडा होता आणि तो गोळीच्या आधी स्पष्ट दिसत होता. साधी फिल्म पाहिलेल्यांपैकी सुमारे २८ टक्क्यांना तो आकडा आठवला, गोळीबार पाहिलेल्यांपैकी जेमतेम ४ टक्क्यांना. धक्क्याने पुढचंच नव्हे, तर क्षणभर आधी पाहिलेलंही पुसलं जाऊ शकतं, हे यातून पुढे आलं.

पाच वर्षांनी लॉफ्टस यांच्याच गटाने पाहणाऱ्यांच्या डोळ्यांची हालचाल मोजली. फास्ट फूडच्या दुकानातला प्रसंग, गिऱ्हाईक गल्ल्यावरच्या मुलीसमोर स्लाइडच्या एका मालिकेत चेक धरतो, दुसरीत पिस्तूल. पिस्तुलावर नजर जास्त वेळा गेली आणि जास्त वेळ रेंगाळली, आणि तो धरणारा माणूस कसा दिसत होता हे सांगणं अवघड झालं. शस्त्राकडे खिळलेली नजर हा पुढे साक्षीपुराव्याच्या शास्त्रातला एक मोठा विषय झाला. पण हे भीतीमुळे होतं की नवलामुळे? केरी पिकेल यांनी १९९८ मध्ये केशकर्तनालयातल्या प्रसंगाच्या फिल्मा केल्या. येणाऱ्या माणसाच्या हातात कधी कात्री, कधी पैशाचं पाकीट, कधी पिस्तूल, तर कधी चक्क कच्ची कोंबडी. माणसाचं वर्णन बिघडवण्यात जागेशी न जुळणारी वस्तू पुढे होती. कात्री तशी घातक, पण केस कापण्याच्या दुकानात तिचं कुणाला काही वाटत नाही. म्हणजे नजर खेचणारं कारण एकटं भय नव्हतं.

हा गुंता सोडवण्याचा सर्वांत देखणा प्रयत्न मला स्वेन-ओके क्रिस्तियानसन आणि लॉफ्टस यांचा वाटतो. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत स्लाइडची एक मालिका होती आणि तिच्यातली एकच स्लाइड बदलत होती. एका गटाला दिसे सायकल चालवत जाणारी बाई. दुसऱ्याला तीच बाई सायकलीशेजारी रस्त्यावर पडलेली, डोक्यातून रक्त येतंय. तिसऱ्याला तीच बाई सायकल खांद्यावर घेऊन चाललेली. तिन्हींत तिचा कोट तोच आणि मागे दूर उभी असलेली मोटारही तीच. नंतर विचारलं: कोटाचा रंग कोणता? मोटारीचा रंग कोणता? जखमी बाई पाहिलेल्यांना कोटाचा रंग चांगला आठवला आणि मोटारीचा वाईट. साधं दृश्य पाहिलेल्यांना मोटार त्यामानाने बरी आठवली. आणि खांद्यावर सायकल घेतलेली बाई पाहिलेल्यांना दोन्हींत फारसं जमलं नाही. नवल आणि वेदना यांचा परिणाम सारखा नसतो, हे इतक्या साध्या उपायाने दाखवता आलं. एकाच नजरेच्या टप्प्यात एक रंग ठसतो आणि दुसरा निसटतो. मागे सांगितलेल्या दोन गटांचं भांडण या एका स्लाइडमध्ये मिटण्याच्या बेताला आलं.

मात्र पूर्ण मिटलं नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या जॉन यूल आणि ज्युडिथ कटशॉल यांनी १९८६ मध्ये प्रयोगशाळेतल्या स्लाइड बाजूला ठेवून व्हँकुव्हरच्या रस्त्यावरच्या खऱ्या गोळीबाराच्या साक्षीदारांना गाठलं. बंदुकांच्या दुकानात चोरी झाली, दुकानदार जबर जखमी झाला आणि चोर मारला गेला, तेही भर दिवसा लोकांसमोर. २१ साक्षीदारांच्या जबान्या पोलिसांनी घेतल्या होत्या. चार-पाच महिन्यांनी त्यांतले १३ जण संशोधकांशी बोलले. त्यांचे तपशील बहुतांश बरोबर होते, मधल्या काळात फारसे ढळलेही नव्हते, आणि मुद्दाम दिशाभूल करणाऱ्या प्रश्नांना ते बधले नाहीत. सर्वांत जास्त हादरलेले लोक सर्वांत अचूक निघाले. अर्थात हेच लोक घटनेच्या सर्वांत जवळ होते, काही तर तिच्यात प्रत्यक्ष ओढले गेले होते. पाहणाऱ्याची जागा आणि त्याचा ताण या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नव्हत्या. तरीही या अभ्यासाने प्रयोगशाळेतल्या मंडळींना भानावर आणलं, की खुर्चीत बसून पाहिलेली फिल्म आणि आपल्यावर बेतलेला प्रसंग एक नव्हे.

खरा ताण मोजणारा एक मोठा अभ्यास २००४ साली आला. अमेरिकी लष्करात सैनिकांना शत्रूच्या हाती सापडलात तर कसं टिकायचं याचं शिक्षण देतात. त्यासाठी नकली युद्धकैदी छावणी असते, उपास आणि जागरण असतं, कठोर चौकशी असते. चार्ल्स मॉर्गन आणि सहकाऱ्यांनी अशा पाचशेहून अधिक सैनिकांना छावणीतून सुटल्यावर दिवसाभरात विचारलं, की तुमची चौकशी करणारा माणूस यांतला कोणता? अर्धा तास आणि त्याहून अधिक वेळ समोरासमोर, पुरेशा उजेडात पाहिलेला चेहरा. जिथे अंगावर हात टाकून चौकशी झाली होती, तिथे ओळखण्यात यश लक्षणीय कमी होतं आणि बऱ्याच जणांनी भलत्यालाच ओळखलं. हे प्रशिक्षित, तरुण, धडधाकट लोक होते.

इथे क्रिस्तियानसन आणि लॉफ्टस यांच्या सायकलीचा धडा जरा अधिक बारकाईने वाचावा लागतो. दृश्याच्या मध्यभागी जे असतं ते टिकतं, हे ठीक. पण मध्यभाग ठरवतो कोण? ज्याच्यावर बेतलं त्याचं मन. आणि जिवावर बेतलेल्या माणसाचा मध्यभाग समोरच्याचा चेहराच असेल असं नाही. तो हातातला सुरा असू शकतो, दाराची कडी असू शकते, आपल्या लेकराचा आवाज असू शकतो. न्यायालयाला चेहरा हवा असतो. भीतीला त्याच्याशी देणंघेणं नसतं.

मेंदूत हे कसं घडतं, याची उकल १९९०च्या दशकात झाली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन केंद्रात जेम्स मॅगॉ यांनी आधी कित्येक वर्षं उंदरांवर काम केलं होतं. त्यांचे सहकारी लॅरी काहिल यांनी १९९४ मध्ये माणसांना आईबरोबर चाललेल्या एका मुलाची गोष्ट बारा स्लाइडमधून दाखवली. चित्रं तीच, सांगणं मात्र दोन प्रकारचं. एका प्रकारात मुलाला मोटारीची धडक बसून तो गंभीर जखमी होतो, दुसऱ्यात तसं काही नाही. काहींना आधी प्रोप्रॅनोलॉल दिलं होतं. हृदयाच्या आणि रक्तदाबाच्या रुग्णांना हे औषध परिचित असेल. अॅड्रेनलिनचा परिणाम ते रोखतं. आठवड्याने पाहिलं तर बिनऔषधाच्या लोकांना अपघाताचा भाग अधिक आठवत होता, औषध घेतलेल्यांना ती गोष्ट साध्या गोष्टीइतकीच आठवत होती. मेंदूच्या खोल भागातला अमिग्डला हा छोटा पुंजका भावनेच्या वेळी सक्रिय होतो आणि शेजारच्या हिप्पोकॅम्पसच्या नोंदणीला जोर देतो, हे चित्र यातून आणि पुढच्या मेंदूप्रतिमांतून स्पष्ट झालं. राल्फ अॅडॉल्फ्स यांनी २००५ मध्ये त्यात एक महत्त्वाची भर घातली. अमिग्डलाला इजा झालेल्या रुग्णांत भावनिक दृश्याचं सार लक्षात राहण्याचा फायदा नाहीसा झाला होता, तपशिलांच्या आठवणीला मात्र तसा धक्का लागला नव्हता. म्हणजे भावनेची मदत मुळात साराला होते.

याच सुमारास बॉस्टनमध्ये एलिझाबेथ केन्सिंगर आणि डॅनियल शॅक्टर यांनी दृश्याचे दोन तुकडे करून पाहिले. नदीकाठी साप, किंवा रस्त्यावर चेंदामेंदा झालेली मोटार. तुलनेसाठी तोच काठ आणि निरुपद्रवी प्राणी, तोच रस्ता आणि धड मोटार. नंतर वस्तू आणि पार्श्वभूमी वेगवेगळी दाखवायची आणि विचारायचं, की हीच होती, हिच्यासारखी दुसरी होती, की नवीच आहे? सापाचे बारीक तपशील लक्षात राहत, नदीकाठ हरवे. एकाला मिळालेलं दुसऱ्याच्या वाट्यातून गेलेलं असे. २००८ मध्ये जेसिका पेन यांनी केन्सिंगर यांच्यासोबत हेच झोपेशी जोडून पाहिलं. सकाळी दृश्यं पाहून बारा तास जागं राहिलेल्यांची एकूण आठवण फिकी झाली. रात्री पाहून झोपी गेलेल्यांत साप टिकून राहिला आणि नदीकाठ गेला. रात्रभरात मेंदू निवड करत होता. हे वाचून मला पहिल्यांदा जाणवलं, की विस्मरणात एक प्रकारचा हेतू असावा. साप ज्याने लक्षात ठेवला तो वाचला. काठावरच्या गवताने काही बिघडत नव्हतं.

मग चूक कुठे होते? विसरण्यात नव्हे, खात्रीत. टाली शरॉट, मॉरिसिओ डेल्गाडो आणि एलिझाबेथ फेल्प्स यांनी २००४ मध्ये दाखवलं, की भावनिक चित्र ‘मला आठवतंय’ असं वाटताना अमिग्डलाची हालचाल वाढते. साध्या चित्राच्या वेळी मात्र दृश्याचे तपशील सांभाळणारा शेजारचा भाग पुढे असतो. म्हणजे ‘आठवतंय’ ही जाणीव दोन वेगळ्या उगमांतून येऊ शकते. २०११ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात उलरिके रिमेले, लीला दावाची आणि फेल्प्स यांच्या गटाने त्याचा निर्णायक पडताळा घेतला. काही दृश्यं क्लेशकारक, काही साधी. प्रत्येकाभोवती एका रंगाची चौकट. नंतर विचारलं: हे दृश्य तुम्हाला खरोखर आठवतंय की नुसतं ओळखीचं वाटतंय? आणि चौकटीचा रंग कोणता होता? क्लेशकारक दृश्यांबद्दल लोक अधिक वेळा म्हणाले, ‘स्पष्ट आठवतंय’. खात्रीही जास्त होती. आणि चौकटीचा रंग त्यांच्याच बाबतीत अधिक चुकत होता.

या निष्कर्षाचं वजन समजून घ्यायला हवं. आठवणीचा लखलखीतपणा खोटा नसतो. तो दृश्याच्या गाभ्यातून येतो आणि तिथे त्याला आधार असतो. आपण मात्र त्याच लखलखीतपणाच्या बळावर कडेच्या गोष्टींचीही हमी देतो. सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर दुसऱ्याच दिवशी ड्यूक विद्यापीठाच्या जेनिफर टालारिको आणि डेव्हिड रुबिन यांनी ५४ विद्यार्थ्यांकडून त्या बातमीची आणि त्याच सुमाराच्या एका सामान्य दिवसाची नोंद घेतली होती. पुढच्या महिन्यांत दोन्ही आठवणी सारख्याच गतीने ढासळल्या. फरक एवढाच राहिला, की हल्ल्याची आठवण खरी आहे ही खात्री ढासळली नाही.

आणि कडा पुसली की ती रिकामी राहत नाही. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी अॅमस्टरडॅमच्या बेल्मरमेर वस्तीत एल अल कंपनीचं मालवाहू विमान अकरा मजली इमारतींवर कोसळलं. आघाताच्या क्षणाचं चित्रीकरण नव्हतं; टीव्हीवर दिसली ती नंतरची आग. दहा महिन्यांनी हान्स क्रॉम्बाख, विलेम वागेनार आणि पीटर व्हान कोपेन यांनी लोकांना विचारलं, की विमान इमारतीवर आदळतानाचं दृश्य तुम्ही टीव्हीवर पाहिलंत का? ५५ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. पुढच्या फेरीत कायद्याच्या विद्यार्थ्यांत हे प्रमाण ६६ टक्के होतं, आणि अनेकांनी विमान कोणत्या कोनातून आलं, आदळल्यावर काय झालं, हेही सांगितलं. ऐकलेलं, वाचलेलं, मनाशी कल्पिलेलं, सगळं एका भयंकर दृश्यात एकजीव झालं होतं.

हे सगळं कागदावर राहिलं असतं तर मी इतक्या तळमळीने लिहिलं नसतं. जुलै १९८४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या बर्लिंग्टनमध्ये जेनिफर थॉम्पसन या विद्यार्थिनीवर तिच्या घरात घुसून बलात्कार झाला. त्या अवस्थेतही तिने हल्लेखोराचा चेहरा मुद्दाम निरखून ठेवला, जगले-वाचले तर याला शिक्षा व्हावी म्हणून. पोलिसांनी दाखवलेल्या फोटोंतून तिने रोनाल्ड कॉटन यांना निवडलं, मग ओळख परेडमध्येही त्यांनाच. फोटोतला माणूस आणि परेडमधला माणूस एकच, हे कळल्यावर तिचा निश्चय अधिक घट्ट झाला. कॉटन यांना जन्मठेप झाली. १९८७च्या फेरखटल्यात खरा गुन्हेगार तिच्यासमोर न्यायालयात उभा केला, तेव्हा याला मी आयुष्यात कधी पाहिलं नाही, असं तिने सांगितलं. १९९५ मध्ये डीएनए चाचणीने कॉटन निर्दोष ठरले. साडेदहा वर्षं तुरुंगात गेली होती. पुढे त्या दोघांनी मिळून पुस्तक लिहिलं आणि साक्षीदारांच्या ओळखीविषयीचे नियम बदलावेत म्हणून गावोगाव बोलत राहिले. थॉम्पसन खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या मनातल्या चेहऱ्याची जागा हळूहळू दुसऱ्या चेहऱ्याने घेतली आणि आतून पाहणाऱ्याला तो बदल दिसण्याची काही सोय नव्हती.

अमेरिकेत न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ताण आणि शस्त्राकडे खिळणारी नजर यांची दखल घेत ज्युरींना द्यायच्या सूचनांत बदल घडवला. २०१४ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालाने सांगितलं, की परेड घेणाऱ्याला संशयित कोण ते ठाऊक नसावं, आणि साक्षीदाराची खात्री पहिल्याच ओळखीच्या वेळी त्याच्याच शब्दांत टिपून ठेवावी. खटल्याच्या वेळची खात्री तोवर बाहेरच्या गोष्टींनी फुगलेली असते.

आपल्याकडे या शास्त्राचा उल्लेख न करता आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्धा भाग कधीच ओळखला होता. भारवाडा भोगिनभाई हिरजीभाई विरुद्ध गुजरात राज्य या १९८३च्या निकालात न्यायमूर्ती एम. पी. ठक्कर यांनी लिहिलं, की साक्षीदाराची स्मरणशक्ती कॅमेऱ्यासारखी असेल, मनात चित्रफीत पुन्हा लावल्यासारखं तो सगळं सांगेल, अशी अपेक्षा ठेवता येत नाही. घटना त्याला बेसावध गाठते, एकाच्या नजरेत जे भरतं ते दुसऱ्याच्या नजरेतून सुटतं, वेळ आणि अंतर यांचा अंदाज माणसागणिक बदलतो. म्हणून किरकोळ विसंगतींवरून साक्ष फेकून देऊ नये. देशभरातल्या न्यायालयांत आजही हा निकाल उद्धृत होतो. मोटारीचा रंग चुकला म्हणून जखमी बाईची साक्ष खोटी ठरत नाही, हेच त्यात निराळ्या शब्दांत आहे, आणि ते फार न्याय्य आहे.

उरलेला अर्धा भाग बाकी आहे. कडेचं चुकलं तर क्षमा, पण गाभा म्हणून ज्या चेहऱ्यावर आपण विसंबतो तो साक्षीदाराच्या मनाचा गाभा होता का, हे आपण क्वचित विचारतो. ओळख परेड उशिरा नको, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. तरी तिच्याआधी संशयिताचा फोटो वृत्तवाहिन्यांवर आणि मोबाइलवर फिरून गेलेला असू शकतो, आणि साक्ष नोंदवली जाईपर्यंत वर्षं जातात. पोलिसांपुढची जबानी ध्वनिचित्रमुद्रित करण्याची मुभा कायद्यात आहे. ती सर्रास वापरली जावी. साक्षीदाराला आधी मोकळेपणी बोलू द्यावं, प्रश्न नंतर विचारावेत. त्याने आपणहून काय सांगितलं आणि प्रश्न विचारल्यावर काय सांगितलं हे वेगळं ठेवावं. आणि चेहरा ओळखला त्या क्षणी तो किती ठाम होता ते त्याच वेळी, त्याच्याच तोंडच्या शब्दांत नोंदवून घ्यावं. यासाठी नवं यंत्र लागत नाही, एमरीत लागले तसे त्याच दिवशी भरून घेतलेले कागद लागतात.